वाट एकच, मग गाड्या चार कशाला?
कामगारांच्या सामाईक प्रवासाचा हिशेब, कायदा आणि व्यवस्था

दुकानाचे शटर वेळेवर उघडणे, कारखान्यात पहिले यंत्र वेळेवर सुरू होणे आणि ठरलेल्या दिवशी ग्राहकाच्या हाती माल पडणे, या तिन्ही गोष्टी शेवटी कामावर येणाऱ्या माणसावर अवलंबून असतात. आपला व्यापारी कच्च्या मालाचा भाव, उधारीची मुदत आणि जागेचे भाडे यांचा बारकाईने विचार करतो. परंतु त्याचा कटिंग मास्टर, सेल्समन किंवा वेल्डर रोज किती कोसांवरून येतो, कशाने येतो आणि त्यात त्याच्या पगारातील किती भाग खर्च होतो, याचा विचार क्वचितच केला जातो. हा खर्च मालकाच्या वहीत दिसत नाही. तो पगारवाढीच्या मागणीत, उशिरा येण्यात आणि चांगला कारागीर काम सोडून जाण्यात दिसतो.

या प्रश्नाचा एक सोपा आणि फारसा भांडवल न मागणारा उपाय आहे. एकाच वाटेने येणाऱ्या कामगारांनी एकाच गाडीतून यावे, खर्च वाटून घ्यावा आणि मालकाने त्यासाठी व्यवस्था लावून द्यावी. उपाय सोपा असला तरी त्यात कायद्याचे आणि विम्याचे काही खड्डे आहेत. ते माहीत नसतील तर चांगल्या हेतूने केलेली सोय एखाद्या घरावर संकट आणू शकते. म्हणून फायदा आणि धोका या दोन्ही बाजू येथे मांडत आहोत.

मोझरी ते अमरावती : एक रस्ता

उदाहरणासाठी आपल्याच वऱ्हाडातील एक रस्ता घेऊ. अमरावती-नागपूर महामार्गावर, अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभारला आणि त्यामुळे हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते. मोझरीकडून अमरावतीला येताना वाटेत नांदगाव पेठ लागते. येथील औद्योगिक वसाहतीत कापडगिरण्या आहेत, वीजनिर्मिती केंद्र आहे आणि याच महामार्गाला लागून सिटीलँड, बिझीलँड यांसारख्या कापडाच्या ठोक बाजारपेठा उभ्या राहिल्या आहेत. केंद्र सरकारच्या पीएम मित्र योजनेतील वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. त्याची जागा याच परिसरात आहे.

याचा अर्थ असा की पूर्वी अमरावतीच्या इतवारा किंवा जवाहर गेट परिसरात पायी किंवा सायकलने कामाला जाणारा माणूस आता महामार्गावरून दहा-पंधरा किलोमीटर बाहेर जातो आणि मोझरी, तिवसा भागातील तरुण वीस ते पस्तीस किलोमीटर शहराकडे येतो. दोन्ही दिशांच्या माणसांचा रस्ता एकच, दुकान-कारखान्याची वेळही जवळपास एकच. तरीही प्रत्येकाची मोटारसायकल वेगळी निघते. सामाईक प्रवासाला यापेक्षा अनुकूल परिस्थिती दुसरी कोणती असणार?

हिशेब मांडून पाहू

समजा, एक कर्मचारी मोझरीहून अमरावतीला रोज कारने येतो. जाणे-येणे ७० किलोमीटर. गाडी एका लिटरला साडेसतरा किलोमीटर चालते असे धरले तर रोज ४ लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला तर रोजचे ४२० रुपये आणि २६ दिवसांच्या महिन्याचे १०,९२० रुपये होतात. हा खर्च पगारदार माणसाला एकट्याने झेपणारा नाही. चौघे मिळून आले तर प्रत्येकाच्या वाट्याला २,७३० रुपये येतात.

आता मोटारसायकलचा हिशेब. लिटरला ५० किलोमीटर धरले तर ७० किलोमीटरला १.४ लिटर, म्हणजे १४७ रुपये. महिन्याचे ३,८२२ रुपये. दोघे एका मोटारसायकलवर आले तर प्रत्येकी १,९११ रुपये.

कारला टोल असतो, मोटारसायकलला नसतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर खाजगी कारसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीचा दर ३,००० रुपये आणि मर्यादा एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतील जे आधी पूर्ण होईल ते. म्हणजे नाका ओलांडण्याचे १५ रुपये पडतात. रोज दोनदा नाका ओलांडणाऱ्याचा पास शंभर दिवसांत संपतो, हे लक्षात ठेवावे. महिन्याचे ७८० रुपये, चौघांत वाटल्यास १९५. असे प्रत्येकी २,९२५ रुपये झाले. एकट्याने मोटारसायकल चालवण्यापेक्षा हे जवळपास ९०० रुपयांनी कमी आहे. शिवाय पावसाळ्यातील भिजणे, मे महिन्यातील वऱ्हाडी ऊन आणि रात्री महामार्गावर ट्रकच्या शेजारून दुचाकी चालवण्याचा धोका टळतो.

या हिशेबातून दोन गोष्टी समजतात. पहिली, फक्त पैशाकडे पाहिले तर दोघांनी मिळून मोटारसायकलवर येणे सर्वांत स्वस्त आहे, पण मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. दुसरी, कार तेव्हाच परवडते जेव्हा ती भरलेली असते. चौघांपैकी दोघे गळाले की उरलेल्यांचा खर्च दुप्पट होतो. म्हणून हजेरीची शिस्त हा या व्यवस्थेचा कणा आहे.

एस.टी.ला विसरू नये. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळते. ज्या कामगार स्त्रीच्या गावाहून वेळेवर बस आहे, तिला एस.टी.च परवडेल. सामाईक गाडी ही जेथे बसची वेळ जुळत नाही तेथील गरज आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला होता. अशा काळात ज्यांची सामाईक सोय आधीपासून लागलेली असते, त्यांचे काम थांबत नाही.

सर्वांत महाग पडणारी स्वस्त सोय

सामाईक प्रवास म्हटले की अनेक मालकांच्या डोळ्यांसमोर मालाचा टेम्पो येतो. "टेम्पो रिकामाच जातो आहे, चार-सहा पोरांना मागे बसवून घ्या," असे सहज सांगितले जाते. पैसा एकही लागत नाही आणि माणसे वेळेवर पोहोचतात. ही सोय तातडीने बंद करण्यासारखी आहे.

मालवाहू गाडी माणसे वाहण्यासाठी बनवलेली नसते. तिच्या मागच्या भागात बसायला आसन नाही, पट्टा नाही, धरायला आधार नाही. जोराचा ब्रेक लागला की माणूस बाहेर फेकला जातो. यानंतरचा धोका विम्याचा आहे. मालवाहू गाडीतून प्रवासी म्हणून नेलेल्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणाच्या निकालात स्पष्ट केले आहे. मालाबरोबर असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट कायद्यात वेगळी आहे. पण सकाळी कामावर येण्यासाठी मागे बसलेले सहा कारागीर मालाबरोबरचे प्रतिनिधी ठरत नाहीत. अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर येतो आणि आयुष्यभराची कमाई त्यात जाऊ शकते. मालकाजवळ तेवढे नसेल तर मृताच्या बायको-मुलांच्या हाती निकालाचा कागद उरतो, पैसे मिळत नाहीत. रोजचे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करणे कोणत्याही व्यापारी शहाणपणात बसत नाही.

भाडे आणि वाटणी यांतील फरक

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार प्रवासी वाहतुकीसाठी परवाना लागतो. पांढऱ्या पाटीच्या खाजगी कारने भाडे घेऊन प्रवासी नेणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना वाहतुकीचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे.

मग चार सहकाऱ्यांनी पेट्रोल वाटून घेतले तर ते भाडे झाले काय? एकाच ठिकाणी काम करणारे, एकमेकांना ओळखणारे लोक झालेला खर्च सारखा वाटून घेतात, तेव्हा गाडीवाल्याला नफा होत नाही. तोही स्वतःचा वाटा भरतोच. तिकीट घेऊन येईल त्याला बसवणे आणि ठरलेल्या सहकाऱ्यांनी खर्च वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र वाटणीच्या नावाखाली कमाई सुरू झाली की तिचे रूप बदलते. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. खर्चापेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नये. रस्त्यात हात दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे घेऊन बसवू नये. आणि खर्चाची वही ठेवावी, म्हणजे प्रश्न विचारला गेल्यास उत्तर तयार राहील.

मोबाइलवरील ॲपमधून प्रवासी जोडण्याचा प्रकार वेगळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने खाजगी गाड्यांच्या अशा वापरावर बंदी घातली होती. पुढे २०२५ साली परवानाधारक ॲपमार्फत सामाईक प्रवासाला वाट मोकळी करण्याचा निर्णय झाला. एका दुकानातील किंवा एका वसाहतीतील चार सहकाऱ्यांना ॲपची गरज नाही. त्यांना एक यादी आणि एक वही पुरेशी आहे.

मालकाला स्वतःचीच मोठी गाडी घेऊन कामगारांना आणायचे असेल तर त्याची तरतूद कायद्यात आहे. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसे बसतील अशी आणि भाडे न घेता स्वतःच्या धंद्यासाठी वापरली जाणारी गाडी 'खाजगी सेवा वाहन' म्हणून नोंदवता येते व तिला कलम ७६ नुसार परवाना मिळतो. दोन-तीन लहान कारखानदारांनी मिळून गाडी ठरवायची असेल तर ती प्रवासी परवाना असलेलीच घ्यावी.

विम्याचा कागद वाचा

खाजगी कारचे दोन प्रकारचे विमे असतात. एक फक्त त्रयस्थ पक्षाचा, ज्याला बाजारात थर्ड पार्टी म्हणतात. दुसरा सर्वसमावेशक, ज्याला पॅकेज किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात. बहुतेकांची समजूत अशी की थर्ड पार्टी विमा असला की गाडीत बसलेले सर्व सुरक्षित झाले. ही समजूत चुकीची आहे. केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या या विम्यात गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी येत नाही. दुचाकीवर मागे बसलेल्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग प्रकरणात हेच सांगितले. पॅकेज विम्यात मात्र कारमधील माणसे आणि दुचाकीवर मागे बसलेला यांची जबाबदारी धरली जाते, असे विमा नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून सामाईक प्रवासासाठी वापरायच्या गाडीचा विमा पॅकेजचाच हवा. त्यात थोडा जास्त हप्ता भरून प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमाही जोडता येतो. तो हप्ताही चौघांनी वाटून घ्यावा. लक्षात ठेवा, खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर करण्यास मनाई असते. नफा घेतल्याचे दिसले तर कंपनी दावा अडवू शकते. खर्चापुरतीच वाटणी ठेवण्याचे हे दुसरे कारण.

वाटेतील अपघात आणि मालकाची जबाबदारी

"कामगार माझ्या दारात येईपर्यंत त्याचे काय होते याच्याशी माझा संबंध नाही," असे म्हणणाऱ्यांनी पुढील निकाल समजून घ्यावा. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर अपघातात मरण पावला. कामगार भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली. अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जुळत असेल तर घरून कामावर येण्या-जाण्यातील अपघातही नोकरीतलाच समजावा, असा त्या निकालाचा आशय आहे. राज्य विमा योजनेच्या कायद्यात असे कलम २०१० पासून होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

कुटुंबाला न्याय मिळाला, पण बावीस वर्षांनी. तेव्हा कामगार कसा येतो हा मालकाच्या काळजीचा आणि हिशेबाचाही विषय झाला आहे.

इतरांचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेत टायरची टंचाई झाली. तेव्हा तेथील सरकारने कामगारांना मिळून प्रवास करण्याचे आवाहन केले. युद्ध संपले, टायर आणि पेट्रोल मिळू लागले, आणि लोक पुन्हा एकेकटे निघू लागले.

१९७३ साली मिनेसोटा राज्यातील थ्री-एम कंपनीने वेगळी पद्धत वापरली. कंपनीने स्वतः सहा व्हॅन घेतल्या. प्रत्येक व्हॅन त्याच भागात राहणारा एक कर्मचारी चालवीत असे, वाटेत सहकाऱ्यांना घेत असे आणि त्याबद्दल त्याचा स्वतःचा प्रवास मोफत होत असे. बाकीचे महिन्याला ठरलेली रक्कम भरत आणि त्यातून खर्च निघे. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलसंकट आले आणि इतर कंपन्यांनीही ही पद्धत उचलली.

तरी पुढचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. अमेरिकेच्या १९८० च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोक सामाईक कारने जात होते. २०१९ पर्यंत हे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवर आले. पैसे वाचतात एवढ्या कारणावर ही सवय टिकत नाही, असा याचा अर्थ. ज्यांच्या सुटीच्या वेळा अनिश्चित, ज्यांना अडचणीत घरी परतण्याची खात्री नाही, ते पहिली संधी मिळताच आपली गाडी काढतात. आपल्याकडे जवळचे उदाहरण मुंबईच्या शेअर टॅक्सीचे. ठरलेली जागा, ठरलेला मार्ग, ठरलेले दर, त्यामुळे रोज भांडण न होता अनोळखी माणसे शेजारी बसून जातात. नियम आधी ठरले की व्यवहार सोपा होतो.

मालकाने काय करावे?

१) कामगारांची गाव, मोहल्ला आणि येण्याची वेळ यांनुसार यादी करावी. पाच-दहा माणसांच्या दुकानात जोडी जमत नसेल तर शेजारच्या चार दुकानांची मिळून यादी करावी. व्यापारी संघटना हे काम एका बैठकीत करू शकते.

२) सक्ती करू नये. ज्याला आजारी आई-वडिलांना दवाखान्यात सोडून यायचे आहे त्याला एकट्याने येऊ द्यावे. आठवड्यातून तीन दिवस सामाईक प्रवास झाला तरी निम्मी बचत पदरात पडते.

३) सामाईक गाडीला दुकानाच्या किंवा कारखान्याच्या आवारात सावलीची, दाराजवळची जागा राखून ठेवावी. यात पैसा लागत नाही, पण मान राहतो.

४) सुटीची वेळ पाळावी. "जरा थांब, एवढा गठ्ठा बांधून जा" असे एकाला म्हटले की चौघे अडकतात आणि व्यवस्था मोडते. जास्त थांबवायचे असेल तर दुपारीच सांगावे.

५) घरून तातडीचा निरोप आला तर त्या कामगाराला घरी पोहोचवण्याचा खर्च मालकाने उचलावा. असा प्रसंग वर्षातून दोन-तीनदाच येतो. परंतु या एका हमीमुळे लोक आपली गाडी घरी ठेवायला तयार होतात.

६) गाडीचा वाहन परवाना, चालकाचे लायसन्स, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती मालकाने वर्षातून एकदा पाहाव्यात. आसनांपेक्षा जास्त माणसे बसवू नयेत. मागच्या आसनावरील प्रवाशांनीही पट्टा बांधावा. तो न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहेच, पण खरी किंमत जिवाची आहे.

७) खर्चाचा दर सुरुवातीलाच लिहून ठरवावा. पेट्रोल, टोल, टायर, ऑईल आणि विमा मिळून किलोमीटरला किती, हे काढून तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. गैरहजर राहणाऱ्याने वाटा द्यायचा की नाही, किती मिनिटे वाट पाहायची, हेही लिहावे. मैत्रीत हिशेब कशाला, असे म्हणू नये. बहुतेक मैत्र्या हिशेब न लिहिल्यामुळेच तुटतात.

जुमा आणि रमजानचा विचार आधीच करावा. रमजानमध्ये इफ्तारपूर्वी घरी पोहोचण्याची घाई असते आणि त्या घाईत महामार्गावर वेग वाढतो. दुकान अर्धा तास आधी सोडणे हा यावरचा खरा उपाय आहे. गाडीत वेगळ्या धर्माचे सहकारी असतील तर महिना सुरू होण्यापूर्वीच सर्वांच्या संमतीने वेळ बदलावी. तसेच मोझरीतील पुण्यतिथी महोत्सवाच्या दिवसांत या रस्त्यावर मोठी गर्दी असते. त्या दिवसांत निघण्याची वेळ अलीकडे आणावी.

स्त्री कामगारांच्या बाबतीत विशेष काळजी हवी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांकडून काम घ्यायचे तर त्यांची संमती, संरक्षण आणि घरापर्यंत वाहतूक यांची व्यवस्था मालकाने करायची आहे. ही जबाबदारी सहकाऱ्यांच्या वाटणीवर ढकलता येत नाही. दिवसाच्या पाळीत शक्यतो दोन किंवा अधिक स्त्रिया एकाच गाडीत असाव्यात आणि कुणाबरोबर जायचे हे त्यांनीच ठरवावे.

सुरुवात लहान ठेवा

येथे कुणी म्हणेल की आपला धंदा लहान, कामगार आठ. एवढा खटाटोप कशासाठी? लहान धंद्यालाच याची गरज जास्त आहे. मोठी गिरणी बस लावू शकते, एक माणूस न आल्यास दुसरा उभा करू शकते. आठ माणसांच्या कारखान्यात एक कुशल कारागीर दुसरीकडे गेला की महिनाभर काम अडते. त्याच्या खिशात महिन्याला ९०० रुपये वाचवून देणारा आणि तो सुखरूप घरी पोहोचतो की नाही हे पाहणारा मालक तो सहजासहजी सोडत नाही.

पहिल्या महिन्यात एकच गाडी, एकच मार्ग आणि चारच माणसे घ्यावीत. महिनाअखेरीस चौघांना समोर बसवून वही उघडावी, किती वाचले, कितीदा उशीर झाला आणि कुणाची तक्रार आहे ते विचारावे. हे जमले की दुसरी गाडी आपोआप उभी राहील. आणि ज्यांच्या टेम्पोच्या मागच्या फळ्यांवर उद्या सकाळी माणसे बसणार आहेत, त्यांनी महिनाभर थांबू नये. ती माणसे आजच खाली उतरवावीत.